पेरणीला गहाण पडणाऱ्या दागिन्यात हिरा कोणता: लॅबचा की खाणीचा?

कापसाचे चुकारे हातात आले, तूर विकली गेली आणि वैशाखात घरात लग्न आहे. अशा वेळी वणी, दारव्हा, मूर्तिजापूर, मेहकर, वरोरा अशा तालुक्याच्या गावी सराफाकडे बसलं की आता सोन्याच्या ट्रेशेजारी हिऱ्यांचाही ट्रे पुढे येतो. एकाच नमुन्याच्या दोन अंगठ्या, चमक सारखी, वजन सारखं, आणि भावात तीस-पस्तीस हजारांचा फरक. विचारलं तर उत्तर मिळतं, "ही नॅचरल, ही लॅब ग्रोन." त्यावर घरातल्या मोठ्या बाईचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे लॅबवाला खोटा हाये का भाऊ?"

खोटा नाही. दोन्ही हिरे कार्बनचेच, आणि दोन्हींत कार्बनचे अणू एकाच पद्धतीने बांधलेले. मोह्सच्या १ ते १० च्या मापावर कठिणपणा १०, प्रकाश वळवण्याचा आकडा २.४२, घनता ३.५२. या तिन्ही मापांत दोघांमध्ये फरक निघत नाही. लॅबचा हिरा काही वर्षांनी काळा पडतो, उन्हाने उडतो, चमक सोडतो, हे जे ऐकू येतं ते हिऱ्याबद्दल खरं नाही. ते बहुतेक अमेरिकन डायमंड या नकली खड्याच्या अनुभवावरून आलेलं असतं.

फरक आहे तो जन्माचा आणि बाजाराचा. खाणीचा हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल, एक ते साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तयार झाला आणि ज्वालामुखीच्या नळीतून वर आला. लॅबचा हिरा दोन रीतींनी वाढवतात. पहिली एचपीएचटी, म्हणजे भारी दाब आणि भारी उष्णता. हिऱ्याचं बारीक बी, त्याच्यासोबत ग्राफाइट आणि लोखंड-निकेल-कोबाल्टसारख्या धातूंचा रस, त्यावर हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि १३०० ते १६०० अंश सेल्सिअस उष्णता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीला हे १९५४ च्या डिसेंबरात साधलं. दुसरी रीत सीव्हीडी, म्हणजे वायूतून थर बसवणं. बंद भांड्यात हिऱ्याच्या पातळ चकत्या ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडतात, मायक्रोवेव्हने त्यांचा प्लाझ्मा करतात आणि त्यातला कार्बन चकतीवर थरावर थर बसत जातो. विकण्याजोगा खडा व्हायला काही आठवडे लागतात. सुरतेत भर सीव्हीडीवर आहे, चीनमध्ये एचपीएचटीवर. म्हणून आपल्याकडचे काही दुकानदार लॅबच्या कुठल्याही हिऱ्याला सरसकट "सीव्हीडी" म्हणतात.

ही माहिती गिऱ्हाइकाच्या कामाची आहे, कारण दोन्ही रीतींचे दोष वेगळे आहेत. सीव्हीडीत वाढताना तपकिरी झाक येते. ती घालवायला खडा पुन्हा उष्णता-दाबातून काढतात, आणि ते नीट झालं नाही तर झाक उरते. एचपीएचटीत बोरॉन शिरला की निळसर झाक येते, धातूचे कण अडकले तर काळे ठिपके दिसतात. शिवाय काही खडे दुधाळ, धुकट असतात. कागदावर रंग "ई" किंवा "एफ" लिहिलेला असतानाही (डी सगळ्यात रंगहीन, पुढच्या अक्षरांगणिक पिवळेपणा वाढतो) ही झाक असू शकते. ओळखायची रीत सोपी आहे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली बघू नका, तिथे सगळंच चमकतं. खडा दारापाशी आणा, पांढऱ्या कोऱ्या कागदाची घडी करून त्यात उलटा ठेवा, म्हणजे टोक वर, आणि बाजूने बघा. शेजारी दुसरा एखादा हिरा ठेवला तर झाक लगेच कळते. लॅबचा माल मुबलक आहे. झाक असलेला खडा घ्यायचं काहीच कारण नाही, बाजूला सारा आणि दुसरा मागा.

आता खोट्याबद्दल. ग्रामीण बाजारात खरा गोंधळ लॅब आणि खाण यांच्यात कमी, या दोघांत आणि नकली खड्यांत जास्त होतो. अमेरिकन डायमंड म्हणजे झिरकोनिया. तो हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड, कठिणपणा आठ-साडेआठ. रोजच्या वापरात वर्ष-दोन वर्षांत पैलूंच्या कडा घासतात आणि खडा मंद दिसू लागतो. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, कठिणपणा ९.२५. तो टिकाऊ आणि देखणा आहे, पण हिरा नाही. त्याची ओळख त्याच्या अति रंगीत झगमगाटात आहे. हिरा पांढरं आणि रंगीत दोन्ही चमकतो, मॉइसनाइट उन्हात इंद्रधनुष्य फेकतो. भिंगाने वरच्या सपाट पैलूतून थोडं तिरकं बघितलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या कधीच दुहेरी दिसत नाहीत. "लॅब डायमंड" म्हणून मॉइसनाइट विकला जात असेल तर ती सरळ फसवणूक आहे.

तोंडाची वाफ देणं, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं वाचणं, पाण्यात टाकणं, या घरगुती परीक्षांवर पैसे लावू नयेत. आणि ऐरणीवर ठेवून हातोडी मारली तरी खरा हिरा फुटत नाही ही जुनी समजूत तर चांगला हिरा घालवणारी आहे. हिरा ओरखड्याला दाद देत नाही, पण त्याला चार दिशांना फट जाण्याच्या रेषा असतात. योग्य कोनात घाव बसला की खाणीचाही फुटतो, लॅबचाही.

दुकानातलं पेनासारखं टेस्टर काय सांगतं हेही नीट समजून घ्या. टोक खड्याला टेकवलं की यंत्र वाजतं, कारण हिऱ्यातून उष्णता फार झपाट्याने वाहते. काच आणि अमेरिकन डायमंड तिथेच गळतात. मॉइसनाइट मात्र साध्या यंत्रावर वाजतो, त्याच्यासाठी वीजवहनही तपासणारं यंत्र लागतं. लॅबचा आणि खाणीचा हिरा दोन्ही यंत्रांवर सारखेच वाजतात. "बघा, वाजला, म्हणजे नॅचरल" असं कोणी म्हणालं तर तो चुकतो आहे किंवा चुकवतो आहे. उलटही घडतं. बोरॉन असलेला एचपीएचटी हिरा वीज वाहून नेतो, आणि यंत्र खऱ्या हिऱ्यालाच मॉइसनाइट ठरवतं.

दोघांतला फरक डोळ्याला दिसत नाही आणि सोनाराच्या दहापट भिंगालाही बहुधा दिसत नाही. तो मोठ्या तपासणी केंद्रातल्या यंत्रांना दिसतो. खाणीच्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू एकमेकांजवळ येऊन त्यांचे पुंजके झालेले असतात, आणि त्याला पृथ्वीच्या पोटात कोट्यवधी वर्षं लागतात. लॅबच्या पांढऱ्या हिऱ्यात नायट्रोजन जवळपास नसतोच. अतिनील किरणांखाली सीव्हीडीचे थर दिसतात, आणि एचपीएचटी हिरा दिवा बंद केल्यावरही काही क्षण उजळत राहतो. तालुक्याच्या सराफाकडे ही यंत्रं नसतात. तो प्रामाणिक असला तरी त्याच्या हातात तपासायचं साधन नाही, तो त्याला माल देणाऱ्यावर विसंबून असतो. म्हणून या खरेदीत माणसाच्या शब्दापेक्षा कागद मोठा.

पैशाची मोजणी

इथे जरा थांबावं लागेल, कारण विदर्भातल्या शेतकरी घरात दागिना नुसता घालण्यासाठी नसतो. जूनमध्ये बियाणं-खताला पैसा लागला की तोच डाग बँकेत किंवा पतसंस्थेत जातो आणि दिवाळीनंतर सुटतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार तारणाची किंमत काढताना फक्त सोन्याचं किंवा चांदीचं मोल धरायचं, खड्याचं धरायचं नाही. खाणीचा हिरा असो की लॅबचा, गहाणवटीत दोघांची किंमत शून्य. खड्यांचं वजन वजा होतं आणि सोन्याचं मोल त्याच्या प्रत्यक्ष शुद्धतेच्या भावाने धरलं जातं. म्हणजे २२ कॅरेटच्या हिशेबात ४ ग्रॅम १८ कॅरेट सोनं सुमारे ३.२७ ग्रॅम ठरतं, ४ ग्रॅम १४ कॅरेट सुमारे २.५५ ग्रॅम. अनेक ठिकाणी १८ कॅरेटखालचं सोनं घेतही नाहीत. लॅबचे दागिने स्वस्त दिसावेत म्हणून सर्रास १४ कॅरेटमध्ये, आता ९ कॅरेटमध्येही घडवले जातात. गहाणाचा विचार असेल तर १८ कॅरेटच मागा.

मोडीचा हिशेब उदाहरणाने पाहू. आकडे केवळ मोजणीसाठी धरले आहेत, त्या दिवशीचे भाव विचारून तुमचे आकडे घाला. शुद्ध सोनं ग्रॅमला १२,००० रुपये धरलं तर १८ कॅरेट ९,००० रुपये. अंगठीत सोनं ३.५ ग्रॅम, म्हणजे ३१,५०० रुपये. घडणावळ १५ टक्के, ४,७२५ रुपये. एकच खडा, ३० सेंटचा (सेंट म्हणजे हिऱ्याच्या कॅरेटचा शंभरावा भाग). खाणीचा ४०,००० रुपये धरू, लॅबचा ७,००० रुपये. वर तीन टक्के जीएसटी. खाणीची अंगठी सुमारे ७८,५०० रुपयांना पडते, लॅबची सुमारे ४४,५०० रुपयांना. फरक ३४,००० रुपये. तेवढ्यात पावणेतीन ग्रॅमहून जास्त शुद्ध सोनं येतं.

सोन्याचा भाव तोच आहे असं धरून दोन्ही अंगठ्या मोडायला नेल्या तर? तालुक्याचा सराफ घट कापून सोन्याचे पैसे देतो, खडा मोजत नाही. घट सोडून धरली तरी खाणीच्या अंगठीत ४७,००० रुपये गेले, लॅबच्या अंगठीत १३,००० रुपये. खाणीची अंगठी जिथून घेतली त्याच दुकानात नेली आणि त्यांनी खड्याची ८० टक्के किंमत परत दिली, तर नुकसान १५,००० रुपयांवर येतं. म्हणजे उत्तम परतीची अट असलेला खाणीचा हिरा आणि खड्याचं काहीही परत न मिळणारा लॅबचा हिरा, दोघांत शेवटी नुकसान जवळपास सारखंच. पण पहिल्यासाठी ३४,००० रुपये जास्त अडकवून ठेवावे लागले, पावती वर्षानुवर्षं सांभाळावी लागली आणि ते दुकान चालू राहावं लागलं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. हिरा ही बचत नाही, दोन्ही प्रकारांत नाही. बचत सोन्यात करा आणि हिरा हा खर्च समजून घ्या. खर्चच करायचा तर लॅबचा हिरा तोच देखावा कितीतरी कमी पैशात देतो.

लॅबच्या हिऱ्याचा भाव पुढे टिकेल अशी आशा मात्र ठेवू नका. डी बीअर्स या खाणवाल्या कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे कॅरेटला ८०० डॉलरने काढले, तेव्हा तो भाव फारच कमी वाटला होता. त्यानंतर बाजार त्याहून कितीतरी खाली गेला, आणि २०२५ मध्ये कंपनीने तो धंदा बंद करण्याचं जाहीर केलं. आवक वाढली की सोयाबीन पडतं तसंच हे. यंत्रं वाढली, माल वाढला, भाव उतरला, आणि इथे हमीभाव नाही. खाणीच्या हिऱ्याचे भावही २०२२ नंतर उतरले आहेत, पण तिथे निदान माल मर्यादित आहे. दुकानदार लॅबच्या हिऱ्यावर "पूर्ण एक्सचेंज" म्हणत असेल तर एवढंच विचारा: बिलातल्या भावाने की बदलीच्या दिवशीच्या भावाने? बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं. आणि एक्सचेंज म्हणजे रोख नव्हे. बदल्यात त्याच दुकानातला दुसरा, बहुधा मोठ्या किमतीचा दागिना घ्यावा लागतो.

बारीक खड्यांचं गणित वेगळं आहे

आपल्याकडे खपतं काय? नाकातली चमकी, कानातले छोटे टॉप्स, मंगळसूत्राच्या पेंडलमधले बारीक खडे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचे शंभर सेंट. (सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन. "१८ कॅरेटचा हिरा" असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ १८ कॅरेट सोन्यात बसवलेला हिरा एवढाच.) गोल हिरा ५ सेंटचा असेल तर सुमारे २.४ मिलिमीटर रुंद, १० सेंटचा ३ मिलिमीटर, ३० सेंटचा ४.३, अर्ध्या कॅरेटचा ५.१ आणि एक कॅरेटचा ६.५ मिलिमीटर. वजन दुप्पट झालं तरी रुंदी दुप्पट होत नाही.

खाणीच्या हिऱ्याचा दर कॅरेटचा भाव आकारासोबत चढतो. १० सेंटचे तीन खडे मिळून जेवढ्याला पडतील, त्याच्या बऱ्याच पुढे ३० सेंटचा एक खडा जातो. लॅबमध्ये ही चढण फार सौम्य आहे. म्हणून मोठ्या खड्यात लॅब घेतल्याचा फायदा प्रचंड, बारीक खड्यात तो हजार-दोन हजारांवर येतो. ५ सेंटच्या चमकीत खाणीचा खडा समजा ३,००० आणि लॅबचा १,००० रुपयांचा. एवढ्या फरकासाठी कोणी परंपरेने खाणीचाच घेतो म्हणाला तर त्यात गैर काही नाही.

पण अडचण पुराव्याची आहे. १० सेंटखालच्या खड्याला स्वतंत्र प्रमाणपत्र जवळपास कधीच नसतं, आणि कंबरेवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात त्या कडेवर, नंबरही कोरलेला नसतो. खाणीच्या बारीक खड्यांच्या पुडीत लॅबचे खडे मिसळून येण्याचा धोका सगळ्यात जास्त इथेच. त्यात भर म्हणजे दोन ग्रॅमखालच्या सोन्याच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे चमकीवर बहुधा सोन्याची खूणही नसते. म्हणजे ना सोन्याचा पुरावा, ना खड्याचा. अशा वस्तूसाठी एक साधा नियम धरा: खड्यांची यंत्रावर तपासणी झाल्याचा आणि खडे नैसर्गिक असल्याचा कागद नसेल तर खाणीचा भाव देऊ नका. लॅबचा भाव द्या आणि समाधानाने वापरा. पेंडलमध्ये वीस-पंचवीस बारीक खडे असतील तर पूर्ण दागिन्याचा अहवाल मिळू शकतो. त्यात दागिन्याचा फोटो, एकूण वजन, खड्यांचं एकत्र वजन आणि खडे नैसर्गिक की लॅबचे हे लिहिलेलं असतं.

कागद कसा वाचायचा

दुकानाच्या नावाने छापलेलं गुळगुळीत कार्ड हे प्रमाणपत्र नव्हे. ती हमीचिठ्ठी झाली. प्रमाणपत्र म्हणजे स्वतंत्र तपासणी संस्थेचा अहवाल, जसा आयजीआय किंवा जीआयएचा. त्यावरचा नंबर संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथली माहिती आणि हातातला कागद ताडून बघा. आयजीआयच्या लॅब अहवालांच्या नंबराआधी "एलजी" ही अक्षरं असतात आणि "लॅबोरेटरी ग्रोन" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तोच नंबर खड्याच्या कंबरेवर लेझरने कोरलेला असतो. दहापट भिंगाने, दागिना तिरका धरून तो वाचता येतो. दुकानदाराला भिंग द्यायला सांगा आणि खडा फिरवत सावकाश बघा. कोंदणात पूर्ण दडलेल्या खड्यावर नंबर झाकला जातो, म्हणून अशा वेळी खडा बसवण्याआधीच बघायचा आग्रह धरा.

नंबर जुळला म्हणजे काम झालं असंही नाही. लॅबच्या खड्यावर खाणीच्या खऱ्या अहवालाचा नंबर कोरल्याची प्रकरणं जीआयएनेच उघड केली आहेत. त्यावर उपाय म्हणजे मापं. अहवालात वजन कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत आणि लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत असते. सुटा खडा घेत असाल तर काट्यावर वजन आणि कॅलिपरवर मापं घ्यायला लावा. वजनात दोन-तीन सेंटचा किंवा मापात ०.०५ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर तो खडा त्या कागदाचा नाही.

जीआयएने १ ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना खाणीच्या हिऱ्यांसारखी रंग-शुद्धतेची अक्षरं देणं थांबवलं. आता ते "प्रीमियम" आणि "स्टँडर्ड" असे दोनच वर्ग करतात. जुन्या तारखेच्या अहवालात "ई, व्हीव्हीएस२" (पहिलं रंगाचं अक्षर, दुसरी शुद्धतेची, म्हणजे आतले दोष किती बारीक याची) दिसलं आणि नव्यात नुसतं "प्रीमियम" दिसलं तर त्याचं कारण हे आहे, गोंधळू नका. नुसता "डायमंड" हा शब्द आंतरराष्ट्रीय आयएसओ १८३२३ मानकाप्रमाणे फक्त खाणीच्या हिऱ्यासाठी वापरायचा असतो. लॅबच्या हिऱ्याच्या बिलावर "लॅबोरेटरी ग्रोन" हे पूर्ण शब्द आलेच पाहिजेत.

हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नव्हे. दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (१८ कॅरेटला ७५०, १४ ला ५८५) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच बसून टाकून बघा.

रंग, कट आणि पिवळं सोनं

दुकानात "ईएफ-व्हीव्हीएस" हा मंत्र फार चालतो. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या खड्यात डी आणि एच यांतला फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही, कारण सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतोच. खाणीचा घेणार असाल तर जी-एच रंग आणि व्हीएस शुद्धता पुरे, वरच्या अक्षरांचे पैसे वाचवा. लॅबमध्ये वरची अक्षरं स्वस्तच मिळतात, तिथे अक्षरापेक्षा झाक आणि कट बघा.

चमक खरी येते ती कटातून, म्हणजे पैलू कोणत्या मापात पाडले त्यातून. गोल खड्याचा वरचा सपाट पैलू रुंदीच्या ५३ ते ५८ टक्के आणि एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के असावी. खाणीचा कच्चा हिरा महाग, म्हणून पैलू पाडणारा वजन वाचवायला खोली जास्त ठेवतो. असा खडा काट्यावर भरतो, पण वरून लहान दिसतो आणि मध्यभागी काळवंडतो. लॅबचा कच्चा माल स्वस्त असल्याने वजन वाचवायची गरज नसते. म्हणून लॅबच्या खड्यात "एक्सलंट" किंवा "आयडियल" कटाखाली उतरूच नका.

रोज अंगावर घालायचं तर

शेतात राबणाऱ्या हातासाठी खडा कोणता यापेक्षा तो बसवला कसा हे जास्त महत्त्वाचं. चार नखांवर उभा केलेला सॉलिटेअर, म्हणजे एकटा खडा, शोकेसमध्ये सुंदर दिसतो, पण कापूस वेचताना त्या नखांत सरकीचे तंतू अडकतात, लुगड्याचं सूत अडकतं, प्रत्येक ओढीनं नख किंचित उघडतं. एक दिवस खडा बोंडात किंवा बांधावर पडतो, आणि ४ मिलिमीटरचा खडा काळ्या मातीत सापडत नाही. रोजच्या अंगठीसाठी खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेलं कोंदण घ्या. चमक थोडी कमी, पण खडा सुरक्षित. नखांचीच हवी असेल तर चारऐवजी सहा नखं, आणि वर्षातून एकदा तपासणी. तपासायची घरगुती रीत म्हणजे अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलके टिचक्या मारणं. खडखड ऐकू आली तर खडा सैल आहे, त्याच दिवशी काढून ठेवा.

"आमाले २२ कॅरेटमंदीच पाहिजे" हा हट्ट हिऱ्याच्या बाबतीत सोडावा लागतो. २२ कॅरेट सोनं मऊ, त्याची बारीक नखं वाकतात आणि खडा धरून ठेवत नाहीत. १८ कॅरेट हे ताकद आणि मोडीचं मोल या दोन्हींतलं योग्य माप आहे.

हिऱ्याला तेलाची ओढ आहे. खाणींमध्ये दगडांतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेले पाट वापरत, कारण पाण्यातून वाहताना दगड पुढे जात आणि हिरे ग्रीसला चिकटत. तीच गत घरात होते. फोडणीचं तेल, कणीक, खोबरेल सगळं खड्याच्या पाठीला चिकटतं, आणि आठवड्याभरात "लॅबचा होता म्हणून मंद पडला" असा समज होतो. खाणीचाही तसाच मंद पडतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं भिजवणं, लहान मुलांच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासणं, मोरीत नव्हे तर वाटीत धुणं. एवढ्यात चमक परत येते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात दागिना घालू नका. क्लोरीन हिऱ्याला काही करत नाही, पण कमी कॅरेटच्या सोन्याची नखं ठिसूळ करतं.

अंगठी सैल-घट्ट करायची असेल तर खडा बसलेला असताना गावच्या सोनाराला भट्टीची ज्योत लावू देऊ नका. हवेत ७००-८०० अंशांपुढे हिऱ्याचा पृष्ठभाग जळून पांढुरका होतो, आणि तापलेला दागिना एकदम पाण्यात बुडवला तर आधीची फट वाढू शकते. जाणकार कारागीर खड्याला बोरिक ॲसिडचा थर देऊन झाळ लावतो किंवा खडा काढून काम करतो. काम देण्याआधी विचारा, आणि खड्याचं माप व नंबर चिठ्ठीवर लिहून घ्या.

पर्यावरणाचा दावा आणि वैरागड

लॅबचा हिरा "हरित" म्हणून विकला जातो. जमीन उकरावी लागत नाही हे खरं. पण हिरा वाढवायला आठवडेच्या आठवडे वीज लागते आणि भारतातल्या विजेचा मोठा भाग कोळशातून येतो. चंद्रपूर आणि कोराडीच्या चिमण्यांची राख छपरावर झेललेल्या माणसांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कारखाना सौर किंवा पवन विजेवर चालतो याचा कागद असेल तर दावा धरा, नसेल तर सोडून द्या. खाणीच्या बाजूला २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया आहे. युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे रोखणं एवढंच तिचं काम, मजुरांची अवस्था किंवा नदीचं नुकसान तिच्या कक्षेत येत नाही.

आणि हिऱ्याचं नातं आपल्या मातीशी नाही असंही नाही. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यातलं वैरागड एके काळी हिऱ्यांच्या खाणीसाठी ओळखलं जायचं, अकबराच्या काळच्या नोंदींतही त्याचा उल्लेख आहे. आज देशात यंत्रांवर चालणारी हिऱ्याची खाण मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवांला आहे. बाजारात "खाणीचा" म्हणून मिळणारा बहुतेक हिरा मात्र परदेशातून कच्चा येऊन सुरतेत पैलू पडलेला असतो.

काय घ्यावं

लग्नातली अंगठी, ३० सेंट किंवा त्याहून मोठा एक खडा: लॅबचा, १८ कॅरेटमध्ये, आयजीआयच्या अहवालासह, वाचलेल्या पैशाचं सोनं. इथे आम्हाला दुसरं मत सुचत नाही. कानातले टॉप्स, प्रत्येकी १० ते २० सेंट: लॅबचेच, दोन्ही खडे एकाच रंग-शुद्धतेचे आणि रुंदीत ०.१ मिलिमीटरच्या आत जुळणारे, फिरकी आट्यांची. मंगळसूत्राचं पेंडल: बारीक खडे जितके जास्त तितकी घडणावळ जास्त आणि मोडीत परत मिळणारं कमी, म्हणून खडे कमी आणि सोनं भरीव असा नमुना निवडा. चमकी: वर सांगितलं तसं. दांडीचा पेच पक्का आहे ना तेवढं मात्र दुकानातच दोनदा उघडून-लावून बघा, चमकीतला हिरा हरवतो तो खड्यापेक्षा पेचामुळे.

खाणीचा हिरा घ्यायला एक कारण उरतं: तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे, पृथ्वीने घडवलेला आहे, ही भावना. ती खरी आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजणाऱ्याला कोणी हसू नये. फक्त तो मोठा, अहवाल असलेला, नंबर कोरलेला आणि परतीची अट लेखी असलेला घ्या.

ऑनलाइन मागवलात तर पाकीट तालुक्याच्या कुरिअर ऑफिसातच उघडा, उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, त्यात वजनकाट्यावरचा आकडाही येऊ द्या. परतीचे दिवस पाकीट पोचल्यापासून मोजतात की पाठवल्यापासून, हे मागवण्याआधी वाचा.

आणि बिल. कच्च्या चिठ्ठीवर हिऱ्याचा दागिना कधीही घेऊ नका. पक्क्या बिलावर या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत हव्यात: एकूण वजन, खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन, सोन्याचा कॅरेट आणि त्या दिवशीचा भाव, घडणावळ, खड्यांची संख्या व कॅरेटमधलं वजन, खडे नैसर्गिक की लॅब ग्रोन, अहवालाचा नंबर, एचयूआयडी, जीएसटी, आणि परतीची टक्केवारी सोन्यासाठी वेगळी व खड्यासाठी वेगळी. मोड देताना खडे काढून परत मिळतील का, हेही तिथेच लिहून घ्या. सराफाला ते लागत नाहीत, आणि तेच खडे पुढच्या दागिन्यात पुन्हा बसवता येतात.